इफिगेनिया: एक नाव हाकेच्या शोधात

मी इफिगेनिया बोलतेय. राजकन्या नव्हे, तिचं नुसतं नाव. ती केव्हाच गेली; मी मागे राहिले.

माझा जन्म राजवाड्यातला. पण वारा पडला, युद्धाची जहाजं अडली आणि बापानं वाऱ्यासाठी पोटची पोर वेदीवर चढवली. कोणी म्हणतात, ऐनवेळी देवीनं तिथं हरिणी ठेवून तिला उचलून नेलं. खरं काय, कोण जाणे. मी तेव्हा तिच्या आईच्या ओठांवर होते, आणि आईनं डोळे मिटले होते.

पुढं मला नाटकांत टाहो फोडून हाकारलं, जहाजांवर रंगवलं, आकाशातल्या एका लघुग्रहालाही चिकटवलं. हेच नाव असलेल्या एका संतिणीमुळे चर्चमध्येही शिरले. माणसांचं मला नवलच वाटतं. गोष्ट एवढी वाईट, तरी नाव टाकवत नाही!

एव्हिया बेटावरच्या एका कोळीवाड्यात मी एका म्हातारीपाशी होते. तिच्या मुलाला, लेफ्टेरिसला, मुलगी झाली. पहिल्या नातीला आजीचं नाव, ही इथली रीत. बाप्तिस्मा होईतो बाळ नुसतंच ‘बेबा’. पण सून मरूसो मला घ्यायला धजेना.

“आई, बापानं मारलेल्या पोरीचं नाव हो ते! आणि ह्यांचाही जीव वाऱ्यातच.”

“माझ्या बापानं मला वाऱ्याला नाही दिलं, बाई. तुझ्या सासऱ्याला दिलं. वारा परवडला असता!”

मरूसो हसली, पण बाळाला जरा घट्ट धरूनच.

बाप्तिस्म्याला आईनं चर्चबाहेर थांबायचं, हीही रीतच. आत नाव ठरवणार धर्ममाता कल्लिरोई. आणि कितीतरी दिवस पडलेला वारा नेमका त्याच सकाळी सुटला. शिडं उभी राहिली, धक्क्यावरून लेफ्टेरिसला हाका सुरू झाल्या. वाऱ्यापुढं कोळ्याला घर दिसत नाही, हे मरूसोला पक्कं ठाऊक.

इतक्यात आतून पोरं आईला नाव सांगायला धावत आली. “इफिगेनिया! इफिगेनिया!”

मरूसोचा चेहरा उतरला. “आणि बेबाचे बाबा? गेले?”

“छे! आत पंचा धरून उभेत. रडतायत. बेबापेक्षा मोठ्यानं!”

तिनं साखरेतले बदाम पोरांच्या ओंजळीत ओतले आणि दाराशी धावली. तेलानं माखलेलं बाळ घेताना तिनं मला पहिल्यांदा उच्चारलं. हळूच, अंदाज घेत. गरम दूध आधी मनगटावर टाकून बघावं तसं.

आता ही पोर मला कशी म्हणते, याचीच उत्सुकता आहे. मी लांबलचक, तिला अजून दातही नाहीत. हसू नका तिला. जमेल तेवढीच घेऊ दे. उरलेली मी थांबेन.