जाळरेषेच्या आतला पातेरा

"पाठीवर घेऊन बघा, काका. नुसतं उचलून वजन कळत नाही," दुकानदार हाशिम म्हणाला.

कोंडाजींनी पट्टे खांद्यावर चढवले आणि महाडच्या त्या दुकानात ते जरा चालून आले. पानं उडवायचं यंत्र घेताना काय पाहावं, यावर त्यांनी मिळेल ते वाचलं होतं. सगळी नोकरी पोलादपूरच्या एका वाचनालयात गेलेली. वाचल्याशिवाय त्यांना छत्रीही घेता येत नसे, आणि वाचल्यावर तर मुळीच नाही. बॅटरीचं हलकं, पण त्यांच्या गावच्या, उमरठच्या विजेचा भरवसा नाही. पेट्रोलचं जोरदार, पण जड आणि कानठळ्या बसवणारं. हातात धरायचं घेतलं तर उतारावर काठी कुठल्या हाताने धरायची? दवाने ओला झालेला पातेरा, झाडाखाली गळलेला पाला, उडेल ना, हे त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.

"उडेल की. काका, लग्नाच्या वेळी काकूंची एवढी चौकशी केली होती का?"

कोंडाजी ओशाळून हसले आणि पेट्रोलचंच, पाठीवरचं, त्यातलं लहान यंत्र त्यांनी बांधून घेतलं.

काजूची बाग त्यांच्या बायकोची, साळूबाईची. कोंडाजी नोकरीत असताना तिनेच उतारावर एकेक रोप जगवलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला माळावरून वणवा उतरे. तो अडावा म्हणून बागेच्या वरच्या कडेचा पातेरा काढून मातीचा उघडा पट्टा ठेवायचा, ती जाळरेषा. दरवर्षी साळूबाई ती खराट्याने झाडायची आणि पातेरा त्याच दिवशी हाऱ्यात भरून खाली भाताच्या खाचरात न्यायची. पेरणीआधी राब भाजायला, म्हणजे रोपांची जमीन पाला जाळून भाजून घ्यायला, तो लागे. यंदा गुडघ्यांनी तिला बसवलं.

यंत्राने सकाळभरात काम उरकलं. पातेरा कुठल्या बाजूला उडवायचा, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. पट्ट्याच्या वर शेजारच्या धोंडूचं रान. साळूबाई म्हणाली, "आतच घ्या. पातेरा काय लोकाच्या रानात घालवतात?" कोंडाजींनाही तसंच वाटलं. काजूंच्या बुडाशी गुडघाभर ढीग झाले. ते खाली न्यायला गावात माणूस मिळेना. तरणे सगळे मुंबईला. उद्या नेऊ, परवा नेऊ, असं चाललं.

धूर दिसला तो भर दुपारी. कोंडाजी यंत्र पाठीवर घेऊन वर गेले आणि जाळरेषेवर नव्याने पडलेली पानं उडवत राहिले. आग आली, उघड्या मातीपाशी थबकली, खाली बसली. आपण निवडलं ते बरोबर होतं, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग वाऱ्याची वावटळ उठली आणि एक जळतं पान त्यांच्या डोक्यावरून मागच्या ढिगात पडलं.

त्यांनी सवयीने नळी तिकडे वळवली. ज्वाळा काजूच्या फांद्यांपर्यंत उठली. त्यांनी यंत्र बंद केलं, तेव्हा पानं तडतडताना ऐकू आली.

साळूबाई हिरवा टहाळा घेऊन लंगडत आत शिरली होती. धोंडूही धावत आला. कोंडाजींना तिकडे जायचं होतं, पण पाठीवर पेट्रोल. ते छातीवरचा पट्टा सोडवू लागले. बक्कल उलटंसुलटं ओढून पाहिलं, पण निघेना. ते तसेच उभे राहिले आणि ढिगामागून ढीग पेटताना पाहत राहिले.

विझवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा साळूबाई वर आली. भुवया जळालेल्या, तोंड काळं. कोंडाजी काही बोलायला गेले.

"हलू नका," ती म्हणाली, आणि काजळलेल्या बोटांनी, लहान मुलाच्या सदऱ्याची बटणं काढावीत तसा, एकेक पट्टा सोडवू लागली.