पेसमेकरला थांबायला जागा

पूर्व किनारा ट्रॅक लीगच्या पहिल्या मोसमातली पंधराशे मीटरची अंतिम शर्यत राणोजीने जिंकली. असं काही झालंच नाही, हे लीगने त्याच संध्याकाळी जाहीर केलं. लीग म्हणते तर नसेलच झालं. आपणही तेच धरून पुढे जाऊ.

राणोजी धावायचा, पण स्पर्धक नव्हता. तो पेसमेकर होता. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे राहून वेग धरून द्यायचा, आणि मग डावीकडे मैदानात उतरून बाजूला व्हायचं. उरलेली शर्यत बाकीच्यांची. राणोजी हे काम चार वर्षं करत होता आणि चांगलं करत होता, त्यामुळे निकालात त्याच्या नावापुढे दर वेळी एकच शेरा असे : ‘शर्यत अपूर्ण’.

एरवी याचं त्याला काही नव्हतं. पण तो तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता, दोन हजार आठ साल होतं, आणि मंदीमुळे कंत्राटं एकेक करून गळत होती. एका सरकारी कारखान्यात खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी निघाली होती. तिथल्या साहेबाने त्याचे सगळे निकाल वाचले आणि चष्मा काढला.

“तू धावपटू आहेस ना?”

“आहें, सार.”

“मग एकदा तरी पोचलास का कुठे? एक पूर्ण केलेली शर्यत आण. कितवा आलास ते राहू दे. मार्चच्या आत आण, नंतर वय उलटतं तुझं.”

लीगचा सचिव होता पुरुषोत्तम दामले. मूळ पुण्याचा, गाड्यांच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून आलेला. क्रिकेटवर लोक एवढा पैसा उधळतात तर धावण्यावर थोडा का उधळू नये, असा त्याचा हिशेब होता. लोकांचा तसा नव्हता. सिरुसेरीच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला संघ दिवाळीआधीच काढून घेतला. उरलेले दोन संघ इडलीचं पीठ वाटायचे वेट ग्राइंडर बनवणाऱ्या राजगोपाल शेठचे होते, आणि पुढचा मोसम होणार की नाही हे अंतिम दिवस बघून तेच ठरवणार होते.

तोवर दामलेने जमेल तिथून पैसा उभा केला. अंबत्तूरच्या भाड्याच्या मैदानात ट्रॅकच्या आतली सगळी हिरवळ त्याने घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनाला पोटभाड्याने दिली. त्यांनी कडेने पत्रे ठोकले. ट्रॅकच्या आठ लेनपैकी बाहेरच्या सहा त्याने दुचाकींच्या पार्किंगला दिल्या. उरलेल्या दोन लेनमध्ये लीग.

“सार, मग मी उतरायचें कोठें?” शर्यतीआधी राणोजीने विचारलं. त्याचं घराणं तंजावरकडचं, त्यामुळे त्याची मराठी तीनशे वर्षं जुनी होती आणि मध्येमध्ये तमिळ.

“दार ठेवलंय ना पत्र्यात,” दामले म्हणाला. “दुसरी फेरी संपली की दारातून आत जायचं. मी सांगितलंय त्यांना.”

“आणि सार, एकदां मजला सगळी शर्यत धावूं द्या कीं. शेवटचा येतों. पोचलों इतकें लिहून द्या.”

“पुढच्या मोसमात, राणोजी. नक्की. आज नको. आज शेठना मधुसूदन जिंकलेला बघायचाय.”

मधुसूदन हा शेठचा लाडका धावपटू. ग्राइंडरच्या खोक्यावर त्याचा फोटो होता.

शर्यत सुटली. दोन फेऱ्या राणोजीने नेहमीसारख्या ओढल्या, दाराशी आला आणि डावीकडे वळला. दारात प्रदर्शनाचा वॉचमन हात पसरून उभा होता.

“टिकट?”

“मी पेसमेकर, अण्णा!”

“कोणी पण असू दे. टिकट?”

मागे सहा जण धापा टाकत येत होते. डावीकडे पत्रे, उजवीकडे स्कूटर. राणोजी पुन्हा ट्रॅकवर आला आणि धावत राहिला, कारण दुसरं काही करायला जागा नव्हती.

आता मधुसूदनने त्याला मागे टाकायला काय हरकत होती? काही नव्हती. पण त्याला, आणि त्याच्या मागच्या पाचही जणांना, प्रशिक्षकांनी वर्षभर एकच गोष्ट घोटून दिली होती : पेसमेकर बाजूला झाला की सुटायचं. पेसमेकर बाजूला होत नव्हता. ते थांबले. म्हणजे धावत होते, पण मनातून थांबले होते.

“पो डा, राणोजी!” मधुसूदन मागून ओरडला. “जा की!”

“कोठें जाऊं?”

“मला काय विचारतोस? तुझं काम ते!”

पुढच्या फेरीला दार पुन्हा आलं. राणोजीने नुसतं तिकडे पाहिलं.

“टिकट?” वॉचमनने विचारलं.

शर्यतीचा पुढचा भाग राणोजीने आजवर फक्त बाजूला बसून, बुटाची नाडी सोडताना पाहिला होता. आतून तो बराच लांब निघाला. शेवटच्या सरळ पट्ट्यात मधुसूदनच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो सुटला, पण तोवर राणोजीच्याही पडला होता. सगळ्यांत पुढे तो नेहमीच असे, पण पुढे असताना पोचण्याची ही एकच वेळ, एवढं त्याला कळलं. त्याने छातीने फीत तोडली, आणि नंतर काय करायचं असतं ते माहीत नसल्याने तो आणखी थोडा धावला.

राजगोपाल शेठ खुर्चीतून उठले. “हा कोण?”

“कोणी नाही, सर,” दामले म्हणाला. “तो शर्यतीत नाहीये.”

“पहिला आला की!”

“जे शर्यतीत आहेत त्यांच्यात मधुसूदन पहिला आहे, सर.”

शेठनी मधुसूदनच्या गळ्यात हार घातला आणि ते पुन्हा खुर्चीत बसले.

संध्याकाळी दामलेने राणोजीला मैदानाबाहेरच्या टपरीवर कॉफी पाजली. “हे बघ, तू जिंकलास असं मी लिहिलं तर शेठ गेले. शेठ गेले तर लीग गेली. पेसमेकरने नियमाप्रमाणे दुसऱ्या फेरीनंतर शर्यत सोडली, एवढ्यावर सही कर. पुढच्या मोसमात, जानेवारीत, तुला रीतसर स्पर्धक करतो.”

“पुढचा मोसम आहे काय, सार?”

“तू जिंकला नसशील तर आहे.”

राणोजीने बराच विचार केला. जानेवारीत नवा मोसम, मार्चमध्ये वयाची अट. बसत होतं. त्याने सही केली.

घरी सकवारबाई, त्याची आई, दारातच उभी होती. “काय रे, काय झालें?”

“जिंकलों, अम्मा. पण झालें नाहीं.”

“अय्यो! जिंकलास कीं नाहींस? एक कांहीं सांग, मी शेजारीं काय सांगूं?”

“सांग, जानेवारींत सांगेन म्हणाला.”

शेठचं उत्तर आठवड्याने आलं. ते हिशेबी गृहस्थ होते. ज्याच्यावर आपण काहीच खर्च केला नाही तो, ज्यांच्यावर केला त्यांच्यापुढे पोचतो; मग खर्च करायचा कशाला, असं त्यांनी विचारलं होतं. लीग बंद झाली.

राणोजी निकाल दुरुस्त करून घ्यायला गेला तेव्हा दामले सामान बांधत होता.

“दुरुस्त करायला समिती लागते,” तो म्हणाला. “समिती बरखास्त झाली.”

“तुम्ही तर आहां, सार.”

“मी आता नुसता पुरुषोत्तम आहे रे. रात्रीची गाडी आहे माझी.” मग त्याला राहवेना. “अर्ज करून ठेव. अर्ज केलेला बरा असतो.”

राणोजीने केला. लीगचं ऑफिस होतं त्या गाळ्यात तोवर झेरॉक्सचं दुकान आलं होतं, त्यांनी अर्ज ठेवून घेतला. त्यातला शेवटचा परिच्छेद असा :

‘तरी सदर शर्यत अर्जदाराने पूर्ण केली, असे कृपया मान्य करावे. ते नियमात बसत नसल्यास, दुसऱ्या फेरीच्या अखेरीस अर्जदारास थांबण्यासाठी योग्य ती जागा पूर्वलक्षी प्रभावाने उपलब्ध करून द्यावी, व तेथे विनातिकीट प्रवेश देण्याबाबत संबंधित वॉचमनला आदेश व्हावेत, म्हणजे अर्जदार त्या जागी रीतसर थांबेल, ही विनंती.’