पंखा असूनही

मी एक जुना पंखा आहे. छताचा नव्हे, भिंतीतला. बुटांचे तळ चिकटवायच्या खोलीत मला बसवलं होतं. सोल्यूशनचा विषारी वास बाहेर फेकायचा, हे माझं काम.

मित्रांनो, मला आणलं ते माणसांच्या काळजीपोटी नव्हे. कायदा कडक झाला होता. असं सोल्यूशन वापरून कामगार आजारी पडला, तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाने त्यासाठी विमा काढला; पण ती आपल्या गळ्यात पडू नये म्हणून विमा कंपनीने अट घातली : पंखा चालू असेल तरच विमा. कंपनीचा साहेब मला पाहून खूश झाला. तो फाटकाबाहेर पडला आणि मालकाने मला बंद केलं. माझ्या वाऱ्याने सोल्यूशन लवकर वाळतं, म्हणे!

पुढे मी फक्त तपासणीपुरता फिरायचो. एरवी पात्यांवर जळमटं घेऊन बघत बसायचो.

समोर तळांना सोल्यूशन लावायला मावशी बसायच्या. त्यांचा हात असा चालायचा की बघत राहावं. आधी त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या, मग हातातून ब्रश गळू लागला. पंखा लावा, असं त्यांनी कितीदा सांगितलं. मालक हसून म्हणायचा, वय झालं तुमचं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी! शेवटी पाय लटपटू लागले. सोल्यूशनने नसा गेल्या, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्यांच्या थोरल्या लेकीने भरपाई मागितली, तेव्हा तोच साहेब पुन्हा आला. पंखा रोज चालतो, असं सांगून मालकाने बटण दाबलं. साहेब मला बाहेरून न्याहाळत होता. साचलेली सगळी धूळ मी त्याच्या तोंडावर उडवली. वाटलं, खरं बाहेर आलं, आता मावशींना न्याय मिळणार.

साहेबाने आत येऊन शांतपणे चष्मा पुसला. “पंखा बंदच होता. अट मोडली, आम्ही काही देणं लागत नाही.”

“मग माझ्या आईचं काय?” लेकीने विचारलं.

“ते मालकांना विचारा.”

मालक म्हणाला, कोर्टात जा. दोघांनी हात झटकले. मावशींना तेवढंही जमत नव्हतं.

विमा गेला तशी, विमा नसलेल्या कारखान्याशी व्यवहार नको म्हणून गिऱ्हाइकं माल उचलेनात. मग विमा पुन्हा मिळावा म्हणून मालकाने बिनविषारी सोल्यूशन आणलं. ते बाजारात पहिल्यापासून होतं, मित्रांनो! थोडं महाग, एवढंच. माझी रवानगी भंगारात झाली. मावशींचा खटला अजून चालू आहे आणि लेक त्यांना घास भरवते.

मला पुसा, तेल घाला, असं मी मागत नाही. पण कुठे भिंतीतला पंखा बंद दिसला आणि खाली माणसं राबत असली, तर कोणाला विचारत बसू नका. बटण दाबा.