मास्तरांचा टोल

वीरभद्रप्पा मास्तरांना सारं सोलापूर देवमाणूस म्हणे, आणि एक गोष्ट सोडली तर ते खरंही होतं. ती एक गोष्ट कुणाला ठाऊक नाही, अशी मास्तरांची समजूत होती.

१९११ सालापासून ते एका हायस्कुलात ड्रिल मास्तर होते. कवायत हे पगाराचं काम. जीव मात्र सगळा दर पौषात होणाऱ्या सात मैलांच्या शर्यतीत. शाळेच्या पटांगणातून निघायचं, नाक्याबाहेर पडून माळ, ओढा, नांगरट तुडवायची, पाचव्या मैलाला चिंचेच्या विहिरीवरून वळायचं आणि परत पटांगणात यायचं. गावातल्या चारही शाळांची पोरं धावत, आणि पंचवीस वर्षांत सतरा वेळा ढाल मास्तरांच्या पोरांनी आणली होती. पोरांना पहाटे उठवणं, भिजवलेले हरभरे खाऊ घालणं, पायातले काटे स्वतःच्या हातानं काढणं, हे सगळं मास्तर आनंदानं करत.

पण या शर्यतीतला विक्रम मास्तरांचा स्वतःचा होता. १९०८ साली, मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसले असताना, ते एकेचाळीस मिनिटं वीस सेकंदांत आले होते. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर लाकडी फळ्यावर ते नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. तिथून जाताना मास्तर मान वळवत नसत, नुसते डोळे वळवत. तेवढ्यावर भागेना म्हणून त्यांनी एक प्रथा पाडली. शर्यतीच्या दिवशी बरोबर एकेचाळीस मिनिटं वीस सेकंद झाली की मल्लप्पा शिपायानं शाळेच्या घंटेवर टोल द्यायचा. पोरांना विक्रमाची किंमत कळावी म्हणून, असं ते सांगत. टोल पडायचा, पटांगणात अजून कुणी शिरलेलं नसायचं, आणि त्या दिवशी मास्तर घरी जाऊन एक भाकरी जास्त खायचे.

शिवाय आणखी एक इलाज होता. शर्यतीत मास्तर सायकल घेऊन विहिरीपाशी उभे राहत. आपला पोरगा फारच वेगात आला की खिशातलं घड्याळ बघत आणि ओरडत, "दम राख! दम राख रे!" पोरगा पाय आवरायचा. ढाल यायची, पण टोल पडून गेल्यावर. याला मत्सर म्हणतात हे मास्तरांना पुरतं ठाऊक होतं. ते त्याला शिस्त म्हणत.

१९२५ साली ज्ञानू नावाच्या पोरानं त्यांना पहिल्यांदा घाम फोडला होता. त्याच्यासाठी दोनदा ओरडावं लागलं. आता १९३६ साल उजाडलं आणि बिरप्पा आला. मंगळवेढ्याकडचा धनगराचा पोरगा, गिरणीत लागलेल्या त्याच ज्ञानूच्या खोलीवर राहून शिकत होता. त्याला पळताना पाहिलं की मास्तरांच्या पोटात दुखे. सगळी पोरं धापा टाकत बसायची तेव्हा हा लेकाचा उभ्यानं हरभरे खायचा! सरावात एकदा मास्तरांनी चोरून वेळ मोजली. चाळीस मिनिटं आणि वर काही सेकंद.

त्या दिवशी ताटावर बसून ते नुसती भाकरी कुस्करत राहिले.

"अंगात कणकण आहे का?" सुंदरम्मानं विचारलं.

"त्या बिरप्पाला शिस्त नाही."

"काय केलं त्यानं?"

काय सांगणार? फार चांगला पळतो म्हणून? "हात फार हलवतो," मास्तर म्हणाले.

सुंदरम्मानं कालवणाची पळी खाली ठेवली. "पंचवीस वर्षं लोकांची पोरं पळवलीत. एखाद्याला जाऊ द्या की पुढं."

मास्तर तसेच ताटावरून उठले. आपली बायकोही त्या पोराच्या बाजूची झाली, याचा त्यांना दोन दिवस राग होता.

शर्यतीच्याच दिवशी मास्तरांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचा सत्कार ठरला होता. सकाळी ते सिद्धेश्वराला गेले. नारळ आपटताना मनात आलं, पोराचा पाय मुरगळू दे. लगेच जीभ चावली, पण तोवर नारळ फुटला होता. दिवसभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली, आणि नारळ लागू पडावा असंही वाटत राहिलं.

दुपार कलल्यावर शर्यत सुटली. विहिरीपाशी उभ्या मास्तरांना बिरप्पा नांगरटीतून एकटाच येताना दिसला. मागं अर्ध्या फर्लांगात कुणी नाही. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. आपल्या वेळेच्या तो पाऊण मिनिट पुढं होता. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात त्यांना ते पाय दिसले. ढेकळाच्या माथ्यावर पाय टाकायचा नाही, दोन ढेकळांच्या मधे टाकायचा, कोपर अंगाला लागून, श्वास नाकानं. हे सगळं त्यांनीच पंचवीस वर्षं घसा कोरडा करून सांगितलं होतं, आणि सांगितलेलं सगळंच्या सगळं करणारा पोरगा ते आज पहिल्यांदा बघत होते. पोटातलं दुखणं गेलं नाही. ते वाढलंच. दुखत असतानाच मास्तरांनी तोंड मिटलं. जन्मात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. बिरप्पानं जाता जाता त्यांच्याकडं एकदा पाहिलं, थोडं पुढं जाऊन पुन्हा मागं वळून पाहिलं. मास्तरांनी त्याला हातानंच जा म्हटलं आणि सडकेनं सायकल दामटली.

ते पटांगणात पोचले तेव्हा हेडमास्तर घड्याळ धरून उभे होते आणि मल्लप्पा हातोडा घेऊन घंटेपाशी. चाळीस मिनिटं होतात न होतात तोच बिरप्पा फाटकातून आत आला. लोकांनी एकच गलका केला. मास्तरांनी फळ्यावरचं आपलं नाव मनातल्या मनात पुसून टाकलं. डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटाची दोरी शंभर पावलांवर राहिली आणि बिरप्पा थांबला. खाली बसला. चड्डीची नाडी सोडली आणि सावकाश बांधायला लागला.

"अरे पळ! पळ की गाढवा!" मास्तर जीव तोडून ओरडले. पोरगा नाडीच बांधत राहिला. मल्लप्पानं टोल दिला. तसा बिरप्पा उठला, धावला आणि दोरी तोडली.

हेडमास्तरांनी मास्तरांच्या गळ्यात हार घातला. "नोकरीच्या पंचविसाव्या वर्षीही विक्रम तुमचाच, मास्तर!"

मास्तरांनी हारासकट बिरप्पाला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं. शर्यत बघायला आलेला ज्ञानूही पाठोपाठ आला.

"नाडी सुटली होती?"

"न्हाय, मास्तर."

"मग? आज तर विहिरीपाशी मी 'दम राख' म्हटलंसुद्धा नाही!"

"व्हय की. मला वाटलं तुमी इसरलासा, अन् 'पळ' म्हनलासा ते लोकांम्होरं. म्हनून आपला मीच थांबलो."

मास्तरांना काही उमजेना. त्यांनी ज्ञानूकडं पाहिलं. ज्ञानूनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"रागावू नका, मास्तर. तुमी 'दम राख' म्हनला की टोल हुस्तवर आत यायचं न्हाय, ही आपल्या पोरांची रीतच हाय. मला वरच्या वर्गातल्या पोरानं सांगितलं, मी ह्याला सांगितलं. मास्तर आपल्या पायातलं काटं काढत्यात, त्यांचं एवढं एक नाव फळ्यावर हाय, ते आपन कशाला पुसायचं? तुमाला ठावं हाय, आसंच समदी समजत हुती."

"म्हणजे तू... पंचवीस साली..."

"शाळंच्या मागल्या भिंतीला टेकून बसलो हुतो. टोलाची वाट बघत."

"किती वेळ?"

"लई न्हाय. दोन मिंटं आसंल."

मास्तर खाली दगडावर बसले. "आणि अशी किती पोरं?"

ज्ञानू बोटं दुमडत मोजू लागला. एकेक नाव घेत होता, आणि प्रत्येक नाव मास्तरांच्या हाताखालून गेलेलं होतं. एका हाताची बोटं संपली. त्यानं दुसरा हात वर केला, तेव्हा मास्तरांनी तो घट्ट धरला.

"पुरे," ते म्हणाले. आजवर त्यांना एका वेळी एकाच पोराचा मत्सर करायची सवय होती.