सगळं अंगावर घेणारी

नाम खान नदीच्या वळणावर आमचं गाव आहे. गावातल्या बायकांची शर्यतीची नाव कितीतरी वर्षं वानपेंगच्या ताब्यात होती. वानपेंगचा आवाज मोठा नव्हता. सराव संपला की ती सगळ्यांना काठावर बसवायची आणि सगळ्यांत नवी जी असेल तिला आधी विचारायची, आज नाव जड का गेली? मग दुसरीला, मग तिसरीला. स्वतः शेवटी बोलायची, तेही थोडंच. कुणाचं वल्हं चुकलं तर सगळ्यांदेखत तिचं नाव घ्यायची नाही. घरी जाताना तिच्या बरोबरीने चालायची आणि वाटेत हळूच सांगायची. शर्यत हरली की मात्र गावासमोर एकटी उभी राहून म्हणायची, "ताल मी चुकीचा धरला." शेजारच्या गावच्या बायका चेष्टा करायच्या, की तुमच्या नावेत वल्हवणाऱ्या पुष्कळ आणि चुकणारी एकटीच. आमच्या बायकांना त्याचाही अभिमान वाटे.

तिच्या हाताखाली लात्सामी तयार झाली. लग्न होऊन गावात आली तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं. वानपेंगने तिला पोहायला शिकवलं, वल्हं धरायला शिकवलं आणि शेवटी आपल्या शेजारी, सुकाणूपाशी बसवलं. आपल्यामागे नाव हीच सांभाळणार, असं तिने बोलूनही दाखवलं होतं.

त्या पावसाळ्यात वानपेंगच्या मुलीचं बाळंतपण खालच्या शहरात होतं. निघण्याआधी तिने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की नदी पुराच्या गाळाने लाल आहे तोवर नाव पाण्यात घालायची नाही. सराव चुकवू नका, पण तो काठावरच्या ओंडक्यावर बसून करा. तिथून पुढे सगळं लात्सामीच्या हाती.

ओंडक्यावर बसून बायका कंटाळल्या. पलीकडच्या गावाने नाव उतरवल्याचं कानावर आलं आणि लात्सामीने ठरवलं की आपणही उतरवायची. दोघीतिघी नको म्हणाल्या, पण शेवटी सगळ्याच चढल्या. वळणावर वाहत आलेल्या झाडावर नाव आदळली. पुढचा भाग फुटला. पुढे बसलेल्या दाला नावाच्या तरुणीचा हात कोपरातून मोडला. तिचं केसाइतकं बारीक विणकाम तालुक्यात प्रसिद्ध होतं. तो हात पुन्हा सरळ झाला नाही.

वानपेंग परतली तेव्हा विहाराच्या सभामंडपात सगळं गाव जमलं होतं. गावप्रमुखाने विचारलं, नाव कुणाच्या सांगण्यावरून उतरली?

वानपेंग सवयीने उठली. "नाव माझ्याकडे आहे. जे झालं त्याला मी जबाबदार."

एवढं बोलून ती खाली बसली नाही. तिला खात्री होती, आता लात्सामी उठेल आणि खरं काय ते सांगेल. इतकी वर्षं तिने दुसरं काय शिकवलं होतं?

लात्सामी उठली. "ताईच सांगून गेल्या होत्या, सराव चुकवू नका," ती म्हणाली. "आम्ही त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही."

शब्द वानपेंगचेच होते, फक्त अर्धे. तिने वळून बायकांकडे पाहिलं. तिचं पुरतं बोलणं ऐकलेल्या सगळ्या तिथे होत्या. एक नेसलेल्या वस्त्राच्या किनारीचा दोरा उपसत होती. बाकीच्या भंतेंसमोरच्या फुलांकडे बघत होत्या. खरं काय ते वानपेंगच्या ओठांवर आलं होतं, पण कुणाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. "असेल," एवढंच म्हणून ती बसली.

सकाळी ती एकटीच लात्सामीकडे गेली. लात्सामी वाफवलेला चिकट भात टोपलीत भरत होती.

"का केलंस?"

"तुम्ही उठलाच होतात, ताई. अंगावर घेतलंच होतंत. मग दोघींनी कशाला बुडायचं?"

"मी तुझी वाट बघत होते."

"मला काय माहीत? तुम्ही दरवेळी घेता. आम्हाला वाटतं, तुम्हाला ते आवडतं." लात्सामीने नेहमीसारखी भाताची टोपली पुढे केली. वानपेंग न खाता उठली.

गावाने नाव लात्सामीकडे दिली. दालाची आई सीफान बाजारात वानपेंग दिसली की रस्ता बदलू लागली. शर्यतीच्या दिवशी आमच्या बायका उसन्या आणलेल्या नावेत बसल्या आणि जिंकल्या. वानपेंग काठावरच्या गर्दीत होती. बक्षीस घेताना लात्सामी छान बोलली. सगळ्यांचं ऐकून घेण्यात मोठेपणा असतो, हरलं तर एकीचं आणि जिंकलं तर सगळ्यांचं. शेवटी तिने ताईंचे आभारही मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शब्द न शब्द वानपेंगचा होता.

त्याच संध्याकाळी ती सीफानच्या दारात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं नाव घेऊन बोलली. नाव लात्सामीने उतरवली, मी मनाई केली होती.

सीफान हातातलं काम सोडून म्हणाली, "ते मला पहिल्याच दिवशी कळलंय. दालानेच सांगितलं."

"मग माझ्याशी बोलणं का टाकलंस?"

"माझ्या पोरीचा हात गेला आणि तुम्ही सगळ्यांसमोर 'असेल' म्हणालात. तुम्हाला तुमचा चांगुलपणा सांभाळायचा होता. दालाही गप्प राहिली, कारण ताई गप्प आहेत." तिने काम पुन्हा हातात घेतलं. "मला सांगून काय होणार? जिथे खोटं बोललात तिथे जाऊन सांगा."

वानपेंगला हे लात्सामीच्या बोलण्याहून जास्त लागलं. आपल्याला दगा झाला म्हणून ती महिनाभर जळत होती. आपणही कुणाला दगा दिला असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

पुढच्या पौर्णिमेला ती मंडपात उभी राहिली आणि सगळं नावानिशी सांगितलं. लात्सामी मध्येच उठून गेली. मागून कुणीतरी म्हणालं, नाव जिंकली ते हिला बघवलं नाही. गावप्रमुख म्हणाला, जुनं झालं, आता कशाला उकरता?

तेव्हा दाला उठली. वाकडा हात पोटाशी धरून तिने सांगितलं, "मी नावेत होते. ताई खरं बोलताहेत."

वानपेंग बाकीच्यांची वाट बघत राहिली. कुणाचा खांदा पावसाळ्यात दुखतो, कुणाला उजवीकडे बसायला आवडतं, कुणाचा नवरा सरावाला येऊ देत नाही, हे सगळं तिला पाठ होतं. त्यांच्यातली एकही उठली नाही. भंतेंनी प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी हात जोडले.

नाव लात्सामीकडेच राहिली.