झुंबरच्या कानातला आवाज

झुंबर स्टेजवर आला की आधी त्याचा झगा दिसायचा, मग तो. झगा गुलाबी, टिकल्यांनी मढवलेला, मागे हातभर लोळणारा. गाता गाता मध्येच थांबून तो बायकोवर विनोद करायचा आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे. आज त्याच्या कार्यक्रमाचा सिनेमा होणार होता. थिएटरभर कॅमेरे लावले होते आणि विंगेत उभी असलेली तीच बायको मनातून घाबरली होती.

कारण झुंबर विसरायला लागला होता. सुरुवात गाण्यांच्या कडव्यांपासून झाली, आणि परवा तर त्याला स्वतःच्या घरातलं स्वयंपाकघर सापडेना. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिने कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. विंगेतून ती छोट्या माइकमध्ये ओळी पुटपुटायची आणि त्याच्या कानातल्या मण्याएवढ्या यंत्रातून त्या त्याला ऐकू यायच्या. लोक म्हणायचे, काय स्मरणशक्ती आहे! लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात.

पडदा वर गेला. पहिलं गाणं सुखरूप पार पडलं, त्यावरचा विनोदही झाला. दुसऱ्या गाण्याच्या कडव्याला तिने ओळ दिली. त्याने उचलली नाही. तिने पुन्हा दिली. तो नुसता हसत उभा.

"वहिनी, हे जपून ठेवा बरं," मागून मेकअपवाला आला आणि त्याने ते यंत्र तिच्या तळहातावर ठेवलं. "दिग्दर्शक म्हणाले, क्लोजअपमध्ये दिसतंय. दोन गाण्यांच्या मधल्या अंधारात मी घाम टिपायला गेलो, तेव्हा साहेबांनी लगेच काढून दिलं. म्हणाले, माझी गाणी मला पाठ आहेत, हे हवंय कशाला?"

आपण विसरतो, हेच तो विसरला होता. आणि मेकअपवाल्याला तरी काय बोलणार? ते यंत्र फक्त तालासाठी आहे, असं तिनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

बाजूला दिग्दर्शक छोट्या पडद्यांसमोर बसला होता. तिने त्याचा दंड धरला. "थांबवा हो हे. पडदा पाडा."

"आत्ता? वहिनी, लोक बघा कसे रंगलेत!"

रंगले होते खरे. झुंबरने मघाचाच विनोद पुन्हा सांगितला, लोक हसले. तोच तिसऱ्यांदा सांगितला तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. त्यांना ही त्याची नवी करामत वाटली. तिला मात्र त्याचे हात दिसत होते. अंधारात भिंत चाचपावी तसे ते झग्याची कड चाचपत होते. घाबरला होता तो. आणि त्याच्याहून जास्त ती घाबरली होती.

शेवटी ती उजेडात गेली आणि नुसत्या ओठांनी त्याला ओळ सांगू लागली. तो वळला. तिच्याकडे बघतच राहिला. मग माइक तोंडाशी नेऊन त्याने अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

असा हशा पिकला म्हणता! बायकोवरचा इतका भारी विनोद त्याने आजवर केला नव्हता. एक कॅमेरा गर्रकन तिच्याकडे वळला. ती हसली, दुसरं करणार काय, आणि जाऊन तिने त्याचा हात धरला. हात गार पडला होता.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याने माइक खाली घेतला आणि तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "अहो, माझी बायको इथेच कुठेतरी असेल. तिला जरा बोलवता का?"