क्रीमचा जग आणि शुक्रवारचा उंदीर

मित्रांनो, मी एक जुना चिनी मातीचा जग आहे. इंग्लंडातल्या स्टोक गावच्या भट्टीत भाजलो गेलो, निळ्या फुलांनी नटलो आणि विनिफ्रेडबाईंच्या लग्नात आहेर म्हणून आलो. दर रविवारी स्ट्रॉबेरीवर क्रीम ओतायचं, एवढंच माझं काम. पाहुणे कौतुक करत आणि मी, खरं सांगतो, जरा जास्तच भाव खात असे.

पुढे बाईंचा मुलगा क्लाइव्ह आपल्या चार वर्षांच्या टॅम्सिनला घेऊन आईकडे राहायला आला. बरोबर त्याचा पाळलेला केशरी सापही आला. सापासाठी दुकानातून गोठवलेले उंदीर येत आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी पडून राहत. शुक्रवारी त्यातला एक कोमट पाण्यात मऊ करायचा आणि चिमट्याने सापापुढे धरायचा. एकदा हाताशी दुसरं भांडं नव्हतं, म्हणून क्लाइव्हने मला उचललं. मग तेच वळण पडलं: शुक्रवारी उंदीर, रविवारी पुन्हा क्रीम.

त्या घरात भांडी धुण्याची रीत सगळ्या गल्लीसारखीच होती. सिंकमध्ये प्लॅस्टिकचं घमेलं, त्यात साबणाचा फेस. सगळं त्याच पाण्यात बुडवायचं आणि वरून स्वच्छ पाणी न घेता फडका फिरवायचा. आधी मी बुडत असे, माझ्यामागून टॅम्सिनचा चमचा. मला सगळं दिसत होतं, पण सांगणार कसं?

जूनमध्ये टॅम्सिन तापाने फणफणली. जुलाबात रक्त दिसलं, तशी तिला इस्पितळात नेलं. तीन दिवस घरात चहाशिवाय काही शिजलं नाही. चौथ्या दिवशी आरोग्य खात्याच्या एक बाई चौकशीला आल्या. असे जंतू सापाकडून किंवा त्याच्या उंदरांतून येतात, म्हणाल्या.

"पोरीने सापाला कधी हातसुद्धा लावलेला नाही," क्लाइव्ह म्हणाला. "आणि उंदीर तर दगडासारखे गोठलेले. त्यात जंतू कसले जगतायत?"

"गोठल्याने ते मरत नाहीत हो, नुसते थांबतात. ऊब मिळाली की पुन्हा वाढायला लागतात. उंदीर कशात मऊ करता तुम्ही?"

क्लाइव्हने माझ्याकडे बोट केलं.

"माझ्याच हातांनी वाढलं रे मी तिला यातून," एवढंच विनिफ्रेडबाई म्हणाल्या. मला तिथल्या तिथे फुटून जावंसं वाटलं.

टॅम्सिन वाचली. आठवड्याने घरी आली ती अगदी काटकुळी होऊन. तोवर परसातल्या शेडमध्ये उंदरांसाठी वेगळा फ्रीझर आला होता आणि उंदराला हात लागला की साबणाने धुवायचे, असा नियम झाला होता. बाईंनी माझ्या निळ्या फुलांवर काळ्या रंगाने 'साप' असं लिहिलं आणि मला शेडमध्ये नेऊन ठेवलं. पन्नास वर्षांची सोबत होती आमची. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

परवा बाईंच्या मागोमाग टॅम्सिन शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "आज्जी, किती छान आहे हा जग. धुऊन घरात घेऊ या ना."

बाई क्षणभर थबकल्या. मित्रांनो, माझी कीव करून मला पुन्हा जेवणाच्या टेबलावर मांडू नका. सापाचं भांडं सापालाच राहू द्या. बाईंनी नातीला तिथूनच माघारी वळवलं आणि दार लावून घेतलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.